कोंडिबाच्या हातावरची निळी रेघ

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे आणि ओली झाले की मला वास येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या गोष्टीत मी बराच वेळ ओली आहे. तुम्ही नाकं मुरडून मध्येच उठून गेलात, तर एका माणसाची दाढ काढायची राहून जाईल.

तसं पाहिलं तर माझा जन्म मेंढरांच्या पाठीवरच झाला. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात सात घरांची एक वस्ती आहे. तिथल्या कोंडिबाने आपल्या काळ्या मेंढरांची लोकर कातरली. त्याच्या बायकोने, मंगलने, ती पिंजून तिचं सूत काढलं. खालच्या गावातल्या विणकराने ते मागावर चढवलं आणि पांढरा काठ देऊन मला विणलं. शेवटी चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्यांची दाट खळ माझ्या अंगावर चोळली. खळ वाळल्यावर मी अशी ताठ झाले, की मला भिंतीला टेकवून ठेवलं तर पाहुणा आला समजून कुत्रं भुंकायचं. पावसाचा थेंब माझ्यावर पडला की टेकायचासुद्धा नाही, घसरून सरळ खाली. त्या खळीचा मला फार गर्व होता. तेव्हा मी नवी होते. नव्यांना असतो.

सव्वीस वर्षं मी कोंडिबाच्या अंगावर काढली. पावसात मी त्याची खोळ व्हायचे, म्हणजे एक कोपरा आत दुमडून डोक्यावर आणि बाकीची मी पाठीवरून पोटऱ्यांपर्यंत. उन्हात सावली, थंडीत पांघरूण, दुपारी अंथरूण. डोंगरावर मेंढी व्याली तर कोकराला घरी आणायला झोळी. तलाठी आले तर त्यांना बसायलाही मीच. आणि माझ्या एका कोपऱ्याला कायम एक गाठ मारलेली असे. ती कोंडिबाची तिजोरी. तिच्यात तंबाखू, आगपेटी आणि निळीची पुडी. पांढऱ्या कपड्यांना घालतात तीच नीळ. मित्रांनो, या निळीकडे लक्ष ठेवा. पुढे तिने मोठा घोळ घातला.

मेंढपाळाला नीळ कशाला, असं वाटेल तुम्हाला. तर दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर जनावरांचे डॉक्टर लस टोचायला वस्तीवर यायचे. शंभरभर मेंढरं, दिसायला सगळी सारखी. टोचून झालेली कोणती आणि राहिलेली कोणती, हे कळणार कसं? म्हणून मेंढी टोचून झाली की कोंडिबा ओल्या निळीची एक रेघ तिच्या कपाळावर ओढायचा. रेघ असली की तिला पुन्हा कुणी धरायचं नाही. तिची सुटका. मेंढरांनाही ते ठाऊक असावं, कारण रेघवाली मेंढी कशी बिनघोर, शेपूट उडवत चरायला जायची.

मेंढी धरायची कोंडिबाची रीत साऱ्या डोंगरात नावाजलेली होती. दुसरे लोक मेंढीच्या अंगावर बसत, पाय आवळत, वर शिव्या घालत. कोंडिबा तिला हळूच आपल्या गुडघ्यांत बुडावर बसवायचा, माझा कोपरा तिच्या डोळ्यांवर ओढायचा, एक हात कानामागे ठेवायचा आणि कानाशी बोलायचा, "हो बाय, हो. गुणाची माजी ती. कुणी न्हाई, मीच हाय. माशी बसली, माशी उडाली. झालं, झालं." मेंढी हलायची नाही. डॉक्टर म्हणायचे, "कोंडिबा, तुमच्या हाताला गुण आहे बघा."

पण त्या वेळी कोंडिबा कुठे बघायचा, हे फक्त मला माहीत होतं. सुई वर झाली की तो मान फिरवून समोरचा डोंगर बघायचा. असा बघायचा, जसा काही तो डोंगर आजच तिथे आणून ठेवलाय. आणि माझ्या आत त्याची पाठ घामाने थबथबलेली असायची. शंभर मेंढरं, म्हणजे शंभर वेळा डोंगर. हे गुपित मी कधी फोडलं नाही. घोंगडीला सगळं कळतं आणि तोंड नसतं, म्हणून तर माणसं तिला जवळ घेतात.

पुढे मंगल गेली. खळ लावायला कुणी राहिलं नाही. माझं अंग सैल पडलं, मधून मधून विरळ झालं. पाऊस आता माझ्यावरून घसरेना, माझ्यात मुक्कामाला येऊ लागला. कोंडिबाची सून रत्ना मोठी लक्ष ठेवणारी बाई. कोकराला कणकण आली तरी तिला झोप नाही. तिने माझ्याखालून ठिबकणारं पाणी बघितलं आणि बाजारातून एक जाड ब्लँकेट आणलं. त्याच्यावर भलामोठा वाघ छापलेला होता. मेंढरं अजून त्याच्याकडे संशयाने बघतात.

"मामा," रत्ना सासऱ्यांना म्हणाली, "त्या घोंगडीत आता काय ऱ्हायलं न्हाई. कुत्र्याला हातरू या."

"हातरू की," कोंडिबा म्हणाला. "उद्या."

हा उद्या दोन वर्षं चालला होता. आणि मग कोंडिबाची दाढ दुखायला लागली.

खालची, डाव्या अंगाची दाढ. आधी त्याने लवंग धरली. रत्नाच्या मसाल्याच्या डब्यातल्या लवंगा संपल्या, शेजारच्या डब्यातल्या संपल्या, दाढ तशीच. गाल कवठाएवढा झाला. वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळाल्या, त्यांनी सूज बरीच उतरली. पण तिथल्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, की दाढ किडलीय, ती काढल्याशिवाय सुटका नाही. कोंडिबा भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागला.

तेही चाललं असतं. पण त्याची हाक गेली. कोंडिबा जीभ टाळ्याला लावून "हुर्रर्र हाऽऽ" अशी हाक घालायचा, की डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवरची मेंढरं माना वर करून निघायची. आता तोंड उघडलं की कळ जायची थेट कानात, आणि हाकेच्या जागी नुसतं "फुर्र" निघायचं. मेंढरं एकदा बघायची आणि पुन्हा खाली माना घालायची. त्याचा मुलगा सोमनाथ घसा फुटेस्तोवर ओरडला, त्यालाही दाद नाही. एका संध्याकाळी अकरा मेंढरं कुणाच्या तरी वरईच्या शेतात उतरली. दुसऱ्या संध्याकाळी सावळी नावाची गाभण मेंढी कड्याच्या कपारीत अडकली. हाक ऐकून ती मागे फिरली असती. सोमनाथने तिला दोर लावून वर काढली, तेव्हा कोंडिबा नुसता मला घट्ट धरून बसला.

त्या संध्याकाळी रत्ना म्हणाली, "मामा, सोमवारी भोरला दातांचं शिबिर हाय. शाळंत. फुकाट."

"बघत्यात का काढत्यात?"

"काढत्यात."

"सुई?"

रत्ना म्हणाली, "आसंल. खोटं कशाला सांगू?"

"मंग ऱ्हाऊ दे. आता जरा उतार हाय."

तेवढ्यात प्रेरणा, म्हणजे रत्नाची पहिलीतली मुलगी, चुलीपासून म्हणाली, "आबा, सुईला काय भ्यायचं? मुंगी चावल्यावाणी तर आसतं. तुमीच म्हनला व्हता अंगनवाडीत."

म्हणाला होता खरा. प्रेरणाला लस टोचली तेव्हा तिला मांडीवर घेऊन मोठ्या ऐटीत म्हणाला होता, आणि नेमका त्याच वेळी खिडकीतून डोंगर बघत होता. आता काय करतो बिचारा! नातीसमोर माणसाची अब्रू असते.

"म्या कुठं भितोय?" कोंडिबा म्हणाला. "यष्टी किती वाजता हाय?"

सोमवारी मेंढरं सोमनाथच्या ताब्यात देऊन आम्ही चौघं निघालो, चौथी मी. भाद्रपदातली बारीक झड लागली होती. बाहेर पडताना रत्नाने वाघाचं ब्लँकेट पुढे केलं. कोंडिबाने ते बघितलं न बघितल्यासारखं करून मला डोक्यावर घेतलं. वस्तीवरून रस्त्याला लागेपर्यंत मी एवढं पाणी प्याले, की एसटीत चढताना कंडक्टर म्हणाला, "बाबा, ती घोंगडी पिळून तरी आनायची. गाडीत ओढा वाहतोय."

कापूरहोळला उतरून आम्ही भोरच्या गाडीची वाट बघत होतो. तेव्हा कोंडिबा गाल चाचपत म्हणाला, "रत्ने, नवल बघ. थांबली दाढ. आजाबात दुखत न्हाई. हितनंच माघारी फिरू, पोरगी भिजाय लागलीया."

मित्रांनो, डॉक्टर जवळ आला की दुखणं थांबतं, हे मी नंतर पुष्कळ वेळा ऐकलं. रत्नाने काही वाद घातला नाही. समोरच्या धाब्यावरून भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी आणली. "थांबली? बरं झालं. मंग खा बरं शेंगदाणं."

कोंडिबाने चार दाणे तोंडात टाकले.

"डाव्या अंगानं," रत्ना म्हणाली.

कोंडिबाने दाणे तसेच गालात धरले आणि भोरची गाडी येईपर्यंत आकाशाकडे बघत राहिला.

भोरला शाळेच्या मोठ्या खोलीत शिबिर भरलं होतं. दाराशी नाव लिहून घेत होते. पुढे पडद्याआड एक टेबल, तिथे एक तरुण डॉक्टर हिरडीत सुई देत होते. सुई दिली, की केशव नावाचा मदतनीस त्या माणसाच्या हातावर निळ्या पेनाने एक रेघ ओढायचा आणि त्याला बाकावर बसवायचा. पंधरा मिनिटांनी रेघवाल्यांना एकेक करून खिडकीजवळच्या खुर्चीत बोलवायचे. तिथे सौदामिनी डॉक्टर पकडीने दाढ काढत होत्या. लांब वेणी, तोंडाला मास्क.

कोंडिबाने हे सगळं माझ्या खोळीतून एकदाच नीट बघितलं. आणि मला जाणवलं, की त्याची पाठ एकदम सैल झाली.

"रत्ने, तंबाकू थुकून आलो," म्हणून तो बाहेर पडला. व्हरांड्याच्या टोकाला गेला. माझ्या कोपऱ्याची गाठ सोडली. प्लॅस्टिकात गुंडाळलेली निळीची पुडी काढली. बोट माझ्या ओल्या काठावर फिरवलं, निळीत बुडवलं आणि आपल्या डाव्या हातावर एक झकास सरळ रेघ ओढली. अहो, सव्वीस वर्षांचा हात तो! केशवपेक्षा सुबक काढली.

तो मला म्हणाला, मलाच, कारण दुसरं कुणी नव्हतं, "आपल्याला कुठला रोग हाय का? न्हाई. मंग लस कशापायी? दात उपटाय मी भितो व्हय? न्हाई. मंग झालं तर."

तेव्हा त्याचं मला पटलं. मीही मेंढरांत वाढलेली. सुई म्हणजे पावसाळ्याआधीची रोगाची लस, एवढंच मलाही ठाऊक होतं. तो ऐटीत आत आला, रेघ दिसेल असा हात मांडीवर ठेवून बाकावर बसला. केशवने येता जाता रेघ बघितली आणि पुढे गेला. प्रेरणा धावत आली. "आबा, टोचलं?"

"हां," कोंडिबा म्हणाला, आणि समोरच्या फळ्याकडे बघू लागला. डोंगर नव्हता ना तिथे.

"रडला न्हाई?"

"हुं."

रत्नाने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. पण हातावर रेघ होती. काय म्हणणार?

आणि मग बाकावर शेजारी बसलेला आंबवड्याचा एक शेतकरी पलीकडच्याला म्हणाला, "आयला, ह्यो गाल मेला की वो माजा. चिमटा काडतोय तरी कळंना."

"त्यासाठीच तर सुई देत्यात," पलीकडचा म्हणाला. "न्हायतर उपटताना जीव जाईल मानसाचा."

मित्रांनो, माझी लोकर उभी राहिली.

म्हणजे ही सुई रोगाची नव्हतीच! ही दाढ बधिर करायची सुई होती. आणि माझा कोंडिबा ती न घेताच पकडीखाली निघाला होता. त्याने काही ऐकलं नव्हतं, कारण त्याचे दोन्ही कान मीच झाकून बसले होते. खोळीत समोरून बोललेलं किंवा मोठ्याने पुकारलेलं तेवढंच ऐकू येतं, शेजारचं बोलणं नाही. जन्मभर ज्या कानांना मी ऊब दिली, ते कान त्या घटकेला उघडे असते तर! मला ओरडायचं होतं. "कोंडिबा, खोळ काढ!" पण घोंगडी कशाने ओरडणार? मी नुसती ठिबकत राहिले.

"कोंडिबा!" केशवने नाव पुकारलं.

तो उठला. खुर्चीत मागे टेकला. सौदामिनी डॉक्टरांनी खोळ मागे सारली आणि वासाने डोळे जरा बारीक केले. "बाबा, डाव्या बाजूची खालची दाढ ना? ओठ जड झालाय?"

"लई जड," कोंडिबा म्हणाला. सूज अजून पुरती उतरली नव्हती, ओठ जडच होता. खोटं नव्हतं ते.

"मुंग्या आल्यासारखं वाटतंय?"

मुंगीचं नाव निघताच त्याने प्रेरणाकडे बघितलं. "मुंगी चावल्यावाणी," तो म्हणाला.

डॉक्टरांनी पकड उचलली.

मला एकच गोष्ट येत होती. ती मी केली. केली म्हणजे काय, माझ्याकडून ती झाली. खळ होती त्या काळात माझ्या अंगावर पाण्याचा थेंब टिकला नसता. पण मी आता विरळ, सैल, सकाळपासून पाणी साठवून बसलेली. कोंडिबाने भीतीने माझा काठ डाव्या मुठीत आवळला आणि मी सगळी पिळली गेले. पाणी त्याच्या मनगटावरून वाहिलं, निळीच्या रेघेवरून गेलं, आणि एक टपोरा निळा थेंब डॉक्टरांच्या पांढऱ्या हातमोज्यावर पडला.

डॉक्टर थांबल्या. थेंबाकडे बघितलं. पकड खाली ठेवली.

"केशव, आपलं पेन पाण्याने जातं?"

"न्हाई मॅडम. तीन दिवस अंगूळ केली तरी जात न्हाई."

डॉक्टरांनी कोंडिबाचा हात उलटा केला. रेघेचा ओघळ कोपरापर्यंत आला होता. माझा काठ निळा, त्याचं धोतर निळं, त्याच हाताने गाल पुसल्यामुळे गालही निळा.

"बाबा, ही रेघ कुणी ओढली?"

कोंडिबा छताकडे बघत राहिला. पण प्रेरणा पुढे आली, आजोबांचा हात नाकाशी नेऊन तिने वास घेतला आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "आबा! ही तर सावळीची रेघ!"

केशव "कसली रेघ?" म्हणाला. प्रेरणाने सगळं फोडून सांगितलं. लस, मेंढ्या, कपाळ, नीळ. बाक खदखदून हसला. गाल बधिर झालेली माणसं हसतात तेव्हा फार विचित्र दिसतं. आंबवड्याचा शेतकरी अर्ध्या तोंडाने हसत होता. रत्ना मात्र हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मामा," ती एवढंच म्हणाली, "अवो मामा."

डॉक्टरही हसल्या नाहीत. स्टूल ओढून त्या कोंडिबाच्या अगदी समोर बसल्या. "बाबा, ही सुई रोगाची लस नाही. ही दाढेला झोपवायची सुई आहे. ती झोपली की मग मी तिला काढणार. तिला कळणारसुद्धा नाही."

कोंडिबाने गाल चाचपला. "आन तशीच काडली आसती तर?"

"तर तुमची हाक हितनं वेल्ह्याला ऐकू गेली आसती," केशव मागून म्हणाला. "मेंढरं आपली आपन भोरात आली आसती."

कोंडिबाने पकडीकडे बघितलं. मग पडद्याआडच्या टेबलाकडे. आणि उठून उभा राहिला. "फुडल्या सोमवारी येतो मी."

"मामा, सावळी कड्यात अडाकली व्हती," रत्ना म्हणाली. आवाज चढवून नाही, पण वाट अडवून. "आवंदा वाचली. फुडल्या खेपंला कोन हाक घालनार हाय?"

कोंडिबा पुन्हा टेकला. पण डोळे त्याने दारावरच ठेवले.

"धरू का बाबांना? आमी दोघं हाय," केशवने विचारलं. पोरगा वाईट नव्हता, मदत म्हणूनच म्हणाला. पण 'धरू का' हे शब्द ऐकताच कोंडिबा असा दचकला, की खुर्ची कुरकुरली.

"धरायचं न्हाई!" तो ओरडला. आणि मग, पहिल्यांदाच, नातीकडे न बघता बोलला. "म्या हिच्याएवडा व्हतो. देवी टोचनारा आला व्हता वस्तीवर. म्या मेंढरांत लपलो. चौघांनी ओडून काडलं. घोंगडी टाकली त्वांडावर आन चौगं बसलं वर. सुई कवा टोचली, कळलंबी न्हाई. पर त्यो आंधार अजून कळतोय."

मित्रांनो, सव्वीस वर्षं मी त्याच्या अंगावर होते, आणि हे मलाही ठाऊक नव्हतं. त्याच्या मेंढ्यांना तो तसं का धरायचा, ते मला त्या दिवशी कळलं. जे त्याला कुणी दिलं नव्हतं, ते तो शंभर मेंढरांना दरवर्षी देत होता.

बाकावरचं हसू विरलं. तेव्हा प्रेरणा केशवला म्हणाली, "आमचं आबा मेंढीला धरत न्हाईत. बसवत्यात. तुमाला न्हाई येनार. सरका."

"प्रेरणा, गप," रत्ना म्हणाली. पण डॉक्टर म्हणाल्या, "थांबा. कसं बसवतात गं?"

"आधी मेंढीला इचारायचं."

"मग विचार."

प्रेरणाने कोंडिबाला विचारलं, "आबा, डोळं झाकू का? त्वांड न्हाई झाकनार. नाक बी न्हाई. फकस्त डोळं."

कोंडिबाने मान हलवली. ती स्टुलावर चढली. माझा कोपरा, कोरडा होता तेवढा शोधून, तिने त्याच्या डोळ्यांवर ओढला. एक तळवा त्याच्या कानामागे ठेवला. तो एवढासा तळवा, त्याच्यात कान पुरासुद्धा मावेना. आणि ती बोलायला लागली. शब्द त्याचेच, सूरही त्याचाच.

"हो बाय, हो. गुणाची माजी ती. कुणी न्हाई, मीच हाय."

सासऱ्याला मुलगी 'बाय' म्हणतेय हे ऐकून रत्नाने पदर तोंडाला लावला. तिला हसू येत होतं की रडू, मला काही कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

डॉक्टरांनी पडद्याआडचं सामान स्वतः आणलं. आधी हिरडीला बधिर करणारा मलम लावला आणि थांबल्या. घाई केली नाही. "बाबा, श्वास धरून ठेवू नका, सोडा. आणि पायाची बोटं हलवा. सगळी. मला दिसली पाहिजेत."

कोंडिबाने दोन्ही पायांची दहा बोटं हलवायला सुरुवात केली. बाकावरचे सगळे ती बोटं बघू लागले. करंगळी ऐकत नव्हती.

"माशी बसली," प्रेरणा म्हणाली.

"करंगळी, बाबा," डॉक्टर म्हणाल्या.

"माशी उडाली. झालं, झालं."

"कवा टोचनार?" माझ्याखालून कोंडिबाचा आवाज आला. "सांगून टोचा बरं का."

"टोचून झालं की," डॉक्टर म्हणाल्या.

कोंडिबाने मला हळूच वर सारलं आणि एका डोळ्याने बाहेर बघितलं. सुई रिकामी होऊन ताटलीत पडली होती. "ह्ये?" तो म्हणाला. "एवडंच? मुंगीच की गं, पोरी."

"मी सांगितलं व्हतं," प्रेरणा म्हणाली.

मग केशवने पेन काढलं, मोठ्या अदबीने कोंडिबाचा हात हातात घेतला आणि निळीच्या ओघळाशेजारी खरी रेघ ओढली. या खेपेला पंधरा मिनिटं झाल्यावर डॉक्टरांनी ओठाचं नुसतं विचारलं नाही, टोचून बघितलं, दोनदा बघितलं, आणि मगच पकड घेतली. दाढ निघाली तेव्हा कोंडिबा प्रेरणाला खुणेने सांगत होता, की तिच्या करंगळीला नख वाढलंय.

"आज चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, आणि हाक घालायची नाही," डॉक्टरांनी बजावलं. "उद्या संध्याकाळी बघा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झड उघडली होती. कोंडिबा मला खांद्यावर टाकून वस्तीमागच्या टेकाडावर उभा राहिला. रत्ना आणि प्रेरणा मागे. त्याने जीभ टाळ्याला लावली. पहिल्यांदा जरा वारंच निघालं, कारण त्या जागेला नवीन खिडकी पडली होती. मग त्याने जीभ थोडी उजवीकडे सरकवली.

"हुर्रर्र हाऽऽ!"

पलीकडच्या सोंडेवर आधी एक मान वर झाली. सावळीची. मग सगळ्यांच्या.

मित्रांनो, एवढीच माझी गोष्ट. आता जाता जाता दोन गोष्टी मागते. घरात माझ्यासारखी एखादी जुनी घोंगडी असेल तर तिला साबणाच्या पावडरीत बुचकळू नका, अधूनमधून ऊन दाखवा. आमचा तेवढ्यावर वर्षभर निभाव लागतो. आणि कुणी सुईला घाबरलं, मग ते लहान असो की मिशावालं, तर त्याच्यावर बसू नका आणि त्याला हसूही नका. 'ऐकलं नाहीस तर सुई टोचायला लावीन' असं तर कुणी कुणाला कधीच म्हणू नये. त्यातला अंधार साठ साठ वर्षं टिकतो. आधी विचारा. मग कानाशी बसून बोला. शब्द कोणतेही चालतात.

रत्ना परवा चिंचोके भिजत घालत होती. कशाला ते मी विचारलं नाही, पण वाघाचं ब्लँकेट सध्या कुत्र्याखाली आहे. कुत्र्याला वाघाची भीती वाटत नाही. निळीचा डाग मात्र माझ्या काठावरून जाता जात नाही. चांगली वीतभर रेघ आहे. रत्नाने दोनदा घासली आणि सोडून दिली.

मला ती आवडते. आमच्या वस्तीवरचा नियम तुम्हाला माहीतच आहे. रेघ असली की पुन्हा कुणी धरत नाही.